कात टाकायला ठेवलेली घोरपड

लग्न होऊन सासरी येऊन मला दोन महिने झाले होते, आणि त्या दोन महिन्यांत मी सासऱ्यांसमोर एकदाही तोंड उघडलं नव्हतं. आज मला ओळखणारी माणसं हे वाचून हसतील. हसा! पण तेव्हा रीतच तशी होती. नव्या सुनेनं डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभं राहायचं, आणि काही सांगायचंच असलं तर ते सासूच्या कानात सांगायचं. माझ्या पोटात नुसते शब्दांचे ढीग साचले होते. आणि शेवटी पहिलं वाक्य निघालं ते असं निघालं की त्यापायी एक जिवंत घोरपड आमच्या ज्वारीच्या कणगीत जाऊन बसली आणि अख्ख्या वस्तीतली अंडी संपली.

आमचं गाव पांढरकवड्यापासून सायकलनं दीड तासावर. नागपूरला दीक्षा घेऊन सगळी वस्ती परत आली त्याला चार-पाच वर्षं झाली होती. रोज दिवेलागणीला निंबाखाली सगळे जमायचे, हात जोडून पाच शीलं म्हणायचे, आणि मग गाणी व्हायची. गाण्यात पुढे कोण, तर माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला मामी. मामाजी उंच, काटक, दिवसभर दुसऱ्याच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, राबणारे. पण संध्याकाळी खंजिरी हातात आली की त्यांची पाठ ताठ व्हायची आणि डोळे असे चमकायचे की मामीसुद्धा भाकर थापायची थांबायची.

खंजिरी म्हणजे वीतभर रुंदीचं लाकडी कडं, कडेला झांजा, आणि वर ताणून बसवलेलं घोरपडीचं कातडं. घोरपडीचंच! पातळ, चिवट, बोट लागताच खणखणणारं. बकरीचं लावलं तर भिजलेल्या पोत्यावर थापटी मारल्यासारखं वाजतं. दीक्षेआधी मामाजी स्वतः कुदळ घेऊन वारूळ उकरायचे, घोरपड मारायचे, कातडं सोलायचे आणि ओलं असतानाच कड्यावर ताणायचे. आता मात्र ते रोज पहिलं शील म्हणत होते, की कुणाचा जीव घेणार नाही. जुनं कातडं टिकलं होतं तोवर काही अडचण नव्हती.

पण वैशाख पौर्णिमेला तीन आठवडे उरले असताना मामाजींनी खंजिरी निखाऱ्यावर तापवायला धरली आणि बोलता बोलता जरा जास्तच खाली धरली. फट्! एवढाच आवाज झाला. कातडं मधोमध फाटलं.

पौर्णिमेला पांढरकवड्यात मोठा मेळावा होता. राळेगावकडची गायन मंडळं येणार होती, आणि आमच्या मंडळानं सुरुवात करायची असं ठरलेलं. अंगणात सगळे गायक सुतक आल्यासारखे बसले. आमचे ढोलकी वाजवणारे काका म्हणाले, "कातडीवाल्याले सांगू. थो मारते, आपन फक्त कातडं घेऊ."

मामाजी म्हणाले, "दुसऱ्याच्या हातानं मारलं म्हनजे आपन मारलं नाई का? मंग थे शील कायले म्हनता गा रोज?"

"मंग वाजवा थाळी."

"थाळीच वाजवीन."

पण असं म्हणताना मामाजींचा चेहरा इतका पडला होता की मला दाराआड उभं राहवेना. आणि माझ्या तोंडून, अगदी मोठ्यांदा, निघून गेलं, "मामाजी, घोरपड कात टाकते जी! सापावानी!"

मामीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. सून बोलली!

मामाजींनी सावकाश मान वळवली. "कात टाकते?"

आता मागं कसं फिरणार? "हो जी. अख्खी."

"अख्खी?"

"पायाच्या बोटासकट जी. मोज्यावानी. माह्या माहेरी म्या डोयानं पाह्यली. बोरीले लटकून होती."

बोरीला लटकलेली कात मी पाहिली होती हे खरं. ती सापाची होती. पाय मी तिथल्या तिथं लावले.

"पन कात म्हनजे कांद्याच्या पापुद्र्यावानी राह्यते," ढोलकीकाका म्हणाले.

"सापाची. घोरपडीची जाड राह्यते."

"आन् टाकते कधी?"

"वैशाखात. पुनवेच्या आधी."

बघा, एकदा तोंड उघडल्यावर कशी चालू लागले! तुम्ही म्हणाल, ज्या माणसांनी इतक्या घोरपडी मारल्या त्यांना हे थोतांड कळलं कसं नाही? मीही नंतर पुष्कळ विचार केला. नाहीच कळणार. मारलेली घोरपड कात टाकत नाही. आणि जिवंत घोरपडीशी त्यांची ओळख होती ती फक्त कुदळ पडेपर्यंतची. तिच्यासमोर बसून, ती काय करते हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

मामाजी उठून उभे राहिले. डोळ्यांत ती चमक! "म्हनजे जीव न घेता कातडं भेटते," ते म्हणाले. "अरे, हे तर लय भारी झालं!"

घोरपड शोधायला लांब जायची गरज नव्हती. विहिरीजवळच्या वारुळात एक राहत होती आणि मामीच्या कोंबड्यांची अंडी पळवत होती. तिची वेळ मला पाठ होती. सकाळी ऊन वर आलं की वारुळावर पालथी पडायची. अंग तापलं की उठायची, आणि मग मिरवत यायची, डावा खांदा, उजवा खांदा, जशी काही पाटलीणच बाजाराला निघाली! दर चार पावलांना जीभ बाहेर. लांब, टोकाला दुभंगलेली, निळसर जीभ. वास घेत घेत ती थेट कोंबडीच्या खुराड्यात शिरायची.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा पुरुष मंडळी काठ्या, दोऱ्या घेऊन कुडाआड लपली होती. सगळे इतके लपले होते की कुणीच पुढे येईना. घोरपडीनं अंडं तोंडात धरलं, मान आभाळाकडे केली, कट् आवाज केला आणि टरफलासकट गिळलं. मग वळली. निघाली! मी कोंबड्या झाकायचं डालं उचललं, तिच्यावर टाकलं, आणि वर चक्क बसले.

डाल्याखालून लोहाराच्या भात्यासारखा फुस्कारा! शेपटीचे फटके डाल्याच्या कामट्यांवर साट् साट्! डोक्यावरचा पदर कुठे, केस कुठे, मी ओरडतेय, "धरा नं! काय पाहून राह्यले?" आणि समोर माझे यजमान. ते कधी फार बोलायचे नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाले, "तू उठ तं आधी." मी कशी उठणार? उठले तर ती बाहेर!

शेवटी चार जणांनी पोत्यात घालून तिला रिकाम्या कणगीत सोडलं. आमची कणगी छातीएवढी उंच होती, बांबूची, शेणामातीनं लिंपलेली. वरून तोंड मोकळं, आणि तळाशी ज्वारी काढायला दोन मुठींएवढं भोक. त्या भोकात चिंध्यांचा बोळा. वर दुसरं डालं उलटं घालून दगड ठेवला, म्हणजे ऊन जाईल आणि ती येणार नाही.

आणि मग सुरू झालं वाट पाहणं!

सकाळी वस्ती उठायची ती आमच्या अंगणात. "टाकली का वो कात?" "नाई अजून." "अंडं आनलं हाये, घाल तिले." ज्याच्या घरी कोंबडी त्याच्या घरचं अंडं आमच्याकडे. कुणी टोळ आणत, कुणी उंदीर आणत. मेलेला आणला तर मामाजी आधी चौकशी करत, "कोनं मारला?" मांजरीनं मारला असं कळलं तरच आत जाऊ देत. मामी तर रोज रडकुंडीला, "घरच्या मानसाले अंडं नाई, आन् ही राणी बसली हाये कनगीत!" पण दुपारी सगळे पांगले की तीच डाल्यातून डोकावायची आणि हळूच म्हणायची, "काहून वो, गरम होऊन राह्यलं का तुले?" आणि वरून पाण्याचा शिपका मारायची.

त्या दोन आठवड्यांत आम्ही घोरपड पाहिली! उन्हात अंग पसरून ती भाकरीसारखी चपटी होते. चिडली की गळा फुगवून दुप्पट होते. ढोलकीकाका फार वाकले की मागच्या पायांवर उभी राहून त्यांच्या नाकाकडे बघते. तिच्या नख्या मातीच्या लिंपणात अशा रुतायच्या की मामाजी म्हणाले, "हिले भितीवर सोडली तं हे आढ्यावर जाऊन बसते." संध्याकाळी ते कणगीशेजारी बसून पितळी थाळीवर सराव करायचे आणि मध्येच थांबून आम्हाला बोलवायचे, "पाहा, पाहा! जीभ तालावर काढून राह्यली!" तिची जीभ दिवसभर आत-बाहेर चालूच असायची, पण त्यांना हे सांगणार कोण? मी तर नाहीच.

मी आतून पुरती हबकले होते. पौर्णिमा जवळ येत होती. माझं खोटं कणगीत बसून अंडी खात होतं. रोज पहाटे मी सगळ्यांच्या आधी उठून डाल्यातून पाहायची आणि हात जोडायची, बाई गं, टाक. जमत असेल तर टाक!

मध्येच एकदा कातडीवाला येऊन गेला. तो सायकलवरून गावोगाव फिरायचा, साप-घोरपडीची कातडी घ्यायचा आणि पुढे मोठ्या व्यापाऱ्याला द्यायचा. कणगीत डोकावून त्याची बोटं शिवशिवली. "काय माल हाये, बाप्पा! कायले ठेवली?" मामाजींनी छाती काढून सांगितलं, "कात टाकाले." तो आधी मामाजींकडे, मग ढोलकीकाकांकडे पाहत राहिला. त्याला हसू फुटलं, पण ते त्यानं सायकलची घंटी वाजवून लपवलं. मला मात्र दिसलं.

आणि पौर्णिमेला तीन दिवस असताना चमत्कार झाला! तिच्या पाठीवरचा रंग धुरकट झाला, खांद्यावर पांढरट पापुद्रा सुटला. मीच किंचाळले, "टाकून राह्यली जी! मामाजी, टाकून राह्यली!" मामाजी भाकर तशीच टाकून धावले. वस्ती जमली. मामाजींनी धुतलेलं धोतर अंथरलं, अख्खी कात अलगद ठेवायला. ढोलकीकाकांनी दोन्ही हातांनी तिची मान आणि शेपटी धरली, आणि मामाजींनी खांद्यावरचा पापुद्रा चिमटीत धरून ओढला.

एसटीच्या तिकिटाएवढा तुकडा हातात आला. मग दुसरा, त्याच्याहून लहान. मग नखाएवढे. फुंकर मारली तर उडतील असे. धोतरावर तेवढाच कचरा. बाकीचं कातडं घोरपडीच्या अंगावर जिथल्या तिथं, नवंकोरं, चकाकत!

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मामाजींनी ते तुकडे गोळा केले, धोतराची घडी घातली आणि आत गेले. रात्री जेवताना यजमान एवढंच म्हणाले, "मोज्यावानी, नाई का?"

पुढल्या सकाळी ढोलकीकाका कातडीवाल्याला घेऊन हजर. सायकल कणगीला टेकवून तो म्हणाला, "हे पाहा, जीव म्या घेतो. पाप माह्या माथी. संध्याकायपरेंत कातडं कड्यावर चढते. पुनवेले वाजवा."

"एकच बार," काका म्हणाले. "तसं पन धरलेलीच हाये. आपल्यासाठी नाई, मंडळासाठी."

मामाजी खाटेवर बसले होते. हातात खंजिरीचं रिकामं कडं. ते हो म्हणाले नाहीत. पण नाही सुद्धा म्हणाले नाहीत! त्यांचा अंगठा कड्याच्या कडेवरून फिरत होता, गोल गोल, जिथे कातडं असायला हवं होतं तिथे. मी दाराआडून पाहत होते, आणि मला लख्ख कळलं की हा अंगठा आणखी दोनदा फिरला की मामाजी मान डोलावणार. मग ती घोरपड गेली. आणि मामाजींचं शीलही गेलं. दोन्ही माझ्या थापेपायी.

मी बाहेर आले. कणगीला पाठ लावून उभी राहिले आणि म्हणाले, "मामाजी, म्या खोटं बोलली."

सगळे वळले. मी टाचेनं तळाचा बोळा चाचपला.

"थे कात सापाची होती जी. पाय म्या लावले."

पाय मागं वळवून बोळा अंगठ्यात धरला. ओढला. निघेना!

"जाड राह्यते म्हटलं थेही खोटं. वैशाखात टाकते थेही खोटं."

बोळा निघाला. पण घोरपड बाहेर येईना! आत नुसती खरखर. आता मला बोलत राहणं भाग होतं, नाहीतर सगळ्यांचं लक्ष खाली गेलं असतं. मग काय, मी कबूल करत सुटले! "मामी, मडक्यातला गूळ मांजरीनं नाई खाल्ला, म्या खाल्ला. दोनदा. तुमचा आरसा माह्या हातानं फुटला. माहेरी माय आजारी हाये म्हनून निरोप आला, थो म्याच धाडाले लावला होता!"

"कोनता निरोप?" यजमान ओरडले.

इतक्यात माझ्या घोट्याला गार काहीतरी लागलं. जीभ! मग मुंडकं, मग एक पाय. आणि पोटाशी अडकली! दोन आठवड्यांची अंडी! तिनं नख्या रोवून असा जोर लावला की भोकाच्या कडेचं लिंपण ढेपाळलं आणि ती सुटली. सुटली ती कातडीवाल्याच्या सायकलवर. सायकल आडवी, कातडीवाला खाटेवर, मामीच्या पायांमधून घोरपड, मामीची किंकाळी, कोंबड्या छपरावर! कातडीवाल्यानं खाटेवरूनच काठी उचलली आणि उडी टाकून तिच्यामागे धावला.

कुडाच्या फाटकात मामाजी आडवे उभे राहिले. घोरपड त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावरून बाहेर गेली. काठी वर होती. मामाजींनी कडं धरलेला हात पुढे केला आणि म्हणाले, "थांब बे. जाऊ दे तिले."

"दादा, तुमचीच खंजिरी..."

"माही खंजिरी मी पाहतो. तू सायकल उचल."

घोरपड विहिरीजवळच्या वारुळात शिरली. शेपटीचं टोक दिसेनासं होईपर्यंत मामाजी पाहत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला. आता माहेरची वाट दाखवणार, हे नक्की!

"पोरी," ते म्हणाले, "न दिलेलं घेनार नाई, हे आपलं दुसरं शील. घोरपडीनं कुठं कातडं देते म्हटलं होतं? आन् आपन धोतर अंथरून बसलो." मग माझ्याकडे बोट करून, "खोटं बोलनार नाई, हे चौथं. थे तुह्यासाठी. आजपासून रोज दोनदा म्हनायचं."

"हो जी."

"आन् गूळ खरंच तू खाल्ला?"

मामी पदर तोंडात कोंबून आत पळाली. तिचं हसू चुलीपाशी फुटलं ते आम्हाला अंगणात ऐकू आलं.

पौर्णिमेला ऊन उतरल्यावर पांढरकवड्याच्या मेळाव्यात मामाजी रिकामं कडं घेऊन उभे राहिले. नुसत्या झांजा. समोर कुजबुज सुरू झाली. राळेगावकडच्या मंडळातलं कुणीतरी ओरडलं, "कातडं कुठं विसरले, बुवा?" मामाजींनी कड्यातून हात आरपार घालून दाखवला आणि म्हणाले, "जिचं होतं, तिच्या अंगावर हाये." आणि मग गाण्याआधी त्यांनी सगळी हकीकत सांगितली! मोज्यासकट! बायकांच्या बाजूला बसलेली मी पदरात तोंड घालून मेल्याहून मेली झाले होते, पण कान मात्र टाळ्यांकडे. लोक हसून हसून खाली लोळत होते. मग मामाजींनी कडं हलवलं. झांजांचा आवाज लहानसा, पाण्यासारखा, आणि त्यावर त्यांचा गळा एकटाच उभा राहिला. ढोलकीकाकांनी पहिल्या कडव्यात नुसतं ऐकलं. दुसऱ्या कडव्यात ते शिरले ते डोळे पुसतच.

त्यानंतर मामाजींनी खंजिरीवर कधी कातडं चढवलं नाही. कातडीवाला गावात आला की पोरंच त्याला वेशीवरून सांगायची, "इथं नाई भेटत, पुढं जा." घोरपड मारणं हा कायद्यानं गुन्हा झाला तो पुढे कित्येक वर्षांनी. आमच्या वस्तीला त्याचं काही नवल वाटलं नाही.

घोरपडीनं मात्र अंडी पळवायचं सोडलं नाही. कशाला सोडेल? आणि पुढल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी विहिरीवर गेले तर वारुळाच्या तोंडाशी बोटभर रुंदीची पिल्लं! अंगावर पिवळे ठिपके, इवल्या जिभा आत-बाहेर. एक, तीन, सहा! मी घागर तिथंच टाकून धावत घरी आले आणि ओरडले, "मामाजी! मामी! घोरपडीले पिल्लं झाले!"

मामाजींनी भुवया वर केल्या. "चौथं शील?"

"खरंच जी! चला नं!"

मामी विहिरीपर्यंत आली, कमरेवर हात ठेवून वाकली, बराच वेळ पाहत राहिली. मग सरळ होऊन मला म्हणाली, "सूनबाई, आजपासून आपल्या घरी अंड्याची भाजी बंद."